हुंकारी तुटू नये म्हणून

गोष्टीच्या तासाला पहिल्याच दिवशी दिनेशने मोडता घातला.

"गुरुजी, दिवसा गोष्ट सांगाले जमत नाई."

"काऊन रे?"

"मामा रस्ता चुकते."

"कोणाचा मामा?"

"जो गोष्ट सांगते त्याचा. माझा मामा आज नवरगावच्या बाजाराले गेला हाये. तो चुकला तं मामी मले सोडन का?"

व्हरांड्यात सतरंज्यांवर बसलेली सगळी शाळा हसली. सगळी शाळा म्हणजे पहिली ते सातवीची एवढीशी पोरं आणि दोन शिक्षक. त्यात तिसरीतला लोकेश उभा राहून म्हणाला, "मले मामाच नाई. मी सांगू?" आणि उभा राहिल्यावर गोष्टच विसरला. पुन्हा हशा.

गुणवंत गुरुजींनाही हसू आलं, पण पंचाईतही झाली. दिवसा गोष्ट सांगितली की वाटेवरचं माणूस वाट चुकतं, हे त्यांनीही लहानपणी ऐकलेलं होतं. पिपरटोल्यात ते अजून सगळ्यांना ठाऊक होतं. आता शेवटचा तास गोष्टीचा, आणि शाळा तर दिवसाच भरणार.

तेवढ्यात मागून बारीक आवाज आला. "हुंकारी तुटली नाई तं चुकत नाई."

बोलली होती करिश्मा, सातवीतली. वर्गात नाव घेतल्यावर 'हजर' म्हणायची तेवढाच तिचा आवाज गुरुजींच्या ओळखीचा.

"तुला कोणी सांगितलं?"

"मायनं. गोष्ट सांगणारा सांगते, अन् एकानं 'हूं' म्हणत राहाचं. हूं सुटली नाई, तं रस्त्यावरच्या माणसाले रस्ता सापडते."

"मग तूच दे हुंकारी."

त्या दिवसापासून करिश्मा शाळेची हुंकारी झाली. आणि काय हुंकारी होती तिची! राक्षस आला की तिची हूं खोल जायची, कोल्ह्याने लबाडी केली की तिरपी व्हायची, कोणी आईविना पोर गोष्टीत आलं की अगदी हलकी, अंगावरून मोरपीस गेल्यासारखी. सांगणाऱ्या पोराला वाटायचं, आपण फार छान सांगतो आहोत. सगळं त्या हूंचं देणं होतं.

हा गोष्टीचा तास गुरुजींनी स्वतःच्या डोक्याने काढला नव्हता. दिवाळीनंतर सिंदेवाहीला तालुक्याच्या शिक्षकांचं प्रशिक्षण झालं, विषय होता सक्रिय श्रवण. शिकवणाऱ्या मॅडम चांगल्या होत्या. म्हणाल्या, मुलाचं बोलणं मध्येच तोडू नका. त्याच्यासाठी उत्तर शोधायची घाई करू नका. ते बोललं ते त्याला परत ऐकवा, म्हणजे आपलं पोचलं हे त्याला कळतं. आणि मुलाने विश्वासाने सांगितलेलं बाहेर नेऊ नका.

शेजारी बसलेले कुलदीप सर कानाशी लागले. वयाने लहान, पिपरटोल्याच्या शाळेतले दुसरे शिक्षक तेच. "गुरुजी, याले आपल्या इकडे गुमान बसणं म्हणते. त्याचं प्रशिक्षण कायले पायजे?"

"गुमान बसणं नव्हे रे," गुरुजी म्हणाले. "हे टाळकऱ्याचं काम आहे."

आणि ते खरंच तसं होतं. गुरुजी पोरवयापासून सप्ताहात टाळ घेऊन बुवांच्या मागे उभे राहात आलेले. बुवा अभंगाचं ध्रुपद सोडून निरूपणात शिरतात, दृष्टांतात जातात, हसवतात, रडवतात, आणि फिरून येता येता ध्रुपदाचा अर्धा तुकडा हवेत सोडून देतात. तो खाली पडायच्या आत टाळकऱ्याने झेलायचा असतो. मन घटकाभर दुसरीकडे गेलं की गेलं; बुवा एकटे पडतात, कीर्तन खाली बसतं. माणसाचं ऐकणं म्हणजे काय, हे गुरुजी तिथे शिकले होते. पांडुरंगाच्या दारात ऐकणाराही उभाच असतो, हातात टाळ असतो, आणि त्याला चुकायला परवानगी नसते.

शाळेत मात्र गुरुजी इतकी वर्षं टाळकरी कधी नव्हतेच. शाळेत ते बुवा होते. बोलायला लागले की पोरं गप्प, गाव गप्प. बोलणं होतंही गोड. मागल्या वर्षीच्या सप्ताहात काल्याच्या कीर्तनाला बुवांचा घसा बसला, तेव्हा गावकऱ्यांनी गुरुजींनाच पुढे केलं होतं. मिरचीचे दिवस तोंडावर आले होते. धान निघालं की पिपरटोल्यातली माणसं तेलंगणात मिरची तोडायला जातात. बायका जातात आणि सोबत पोरीही जातात, स्वयंपाकाला, धाकटी भावंडं राखायला, तोडायलाही. गुरुजींनी त्या दिवशी कृष्णाच्या काल्यावरून सुरुवात केली आणि मिरचीच्या वावरात येऊन थांबले. बायका पदराला डोळे पुसत होत्या. त्या हंगामात गावाने पुष्कळ पोरी मागे ठेवल्या. गुणाबाईने करिश्माला जावेपाशी ठेवलं, ते तेव्हाच.

गुणाबाई करिश्माची आई. नवरा करिश्मा बालवाडीत असतानाच गेला. वावर आहे चिमूटभर. त्यातल्या धानावर वर्ष निघत नाही, म्हणून मिरची.

संक्रांत झाली. गावात मुकादम येऊन गेला, म्हणजे मिरचीच्या गाडीत कोण बसणार हे ठरवणारा माणूस. आणि करिश्माची हुंकारी उशिरा पडायला लागली.

दुसऱ्या कोणाच्या लक्षात आलं नसतं. पोरं गोष्ट सांगत होती, हूं येत होती. पण टाळकऱ्याच्या कानाला ते खुपलं. तुकडा पडायचा, आणि मग ती उचलायची.

त्या दिवशी शाळा सुटल्यावर गुरुजींनी तिला सतरंज्या घडी करायला थांबवलं. एक टोक त्यांनी धरलं, एक तिने. व्हरांड्यात ऊन तिरपं आलं होतं. पलीकडे हापशावर पोरं पाणी पीत, एकमेकांवर उडवत घरी निघाली होती.

"आज तुझी हुंकारी मागं राहून गेली," गुरुजी म्हणाले.

गुरुजींनी पुढे विचारलं नाही. टोकाला टोक जुळवलं, ती जवळ आली, टोक हातात देऊन मागे गेली. एक सतरंजी झाली. दुसरी धरली.

"माय मिरचीले जाऊन राह्यली गुरुजी."

"हं."

"मले ठेवून जाते म्हणते. काकूपाशी."

"हं."

"मले नाई राहाचं."

इथे काल्याचं अख्खं कीर्तन गुरुजींच्या जिभेवर येऊन उभं राहिलं. सातवीचं वर्ष, परीक्षा, अक्षरं, आयुष्य. त्यांनी ते गिळलं. सोपं गेलं नाही.

"तुला राहायचं नाही," ते म्हणाले.

"मायले फिट येते."

गुरुजींच्या हातून सतरंजीचं टोक सुटलं. तिने ते वाकून उचललं, त्यांच्या हातात दिलं, आणि मग सांगत गेली. त्यांच्याकडे पाहिलं नाही; सतरंजीच्या पट्ट्यांकडे पाहात राहिली. गुरुजींनीही तिच्याकडे पाहणं सोडून दिलं. प्रशिक्षणातल्या मॅडम म्हणाल्या होत्या डोळ्यांत पाहा, पण डोळ्यांत पाहिलं की पिपरटोल्याचं पोर बंद होतं, हे त्यांना एवढ्या दिवसांत कळलं होतं.

फिट यायच्या आधी आईचा अंगठा बोटावर फिरायला लागतो, साळीचा दाणा चोळून पाहावा तसा. ते फक्त करिश्माला कळतं. मग ती हातातलं काम टाकून आईला खाली बसवते, कुशीवर निजवते, डोक्याखाली लुगड्याची घडी. दातांत काही घालायचं नाही, हात दाबायचे नाहीत, बोलत राहायचं, हे तिला दवाखान्यातल्या बाईने सांगितलं होतं. उठल्यावर आईला आपण कुठे आहोत ते आठवत नाही. तेव्हा करिश्मा म्हणते, माय, आपण घरी हाओ, मी करिश्मा.

"मागच्या साली तिच्यासोबत कोणीच नोतं," करिश्मा म्हणाली. "चुलीपाशी पडली. हात भाजला तिचा. बायाईले तिनं सांगितलं का, उकळतं पानी सांडलं म्हणून. मले खरं सांगितलं."

"दुसऱ्या कोणाला माहीत नाही?"

"ना. मुकादमाले मालूम पडलं तं गाडीत बसवणार नाई तो. वावरात बाईले काई झालं तं कोण निस्तरन, म्हणते." मग एकदम थांबून ती म्हणाली, "कोणाले सांगू नका गुरुजी. तुमीच म्हणता न, इथं बोललेलं इथंच राहते."

म्हणाले होते. गोष्टीच्या तासाच्या पहिल्या दिवशी, छातीवर हात ठेवून.

गुरुजींनी प्रशिक्षणात शिकवलं होतं तसं केलं. "म्हणजे आई एकटी गेली तर तिला काहीतरी होईल, अशी तुला भीती वाटते."

करिश्माने पहिल्यांदाच मान वर करून त्यांच्याकडे पाहिलं, एखाद्या लहान पोराकडे पाहावं तसं. "हो. तेच तं सांगून राह्यली न मी."

प्रशिक्षणाने गुरुजींना इथपर्यंत आणून सोडलं होतं. इथून पुढे रस्ता नव्हता.

"मंग तुमी सांगान का मायले?" तिने विचारलं. "मले घेऊन जा म्हणून? तुमचं ऐकते ती. दुसऱ्या कोणाचं नाई ऐकत."

"आपण असं केलं तर? गाडीतल्या एका बाईला सांगून ठेवू. शकुबाईला. नुसतं लक्ष ठेव म्हणून."

"शकुबाईले?" करिश्मा म्हणाली. "शकुबाईले सांगसान तं गाडी सुरू व्हाच्या आंधी तेलंगणाले मालूम पडन."

हे इतकं खरं होतं की गुरुजींना हसू फुटलं, आणि ते हसले म्हणून तीही थोडी हसली. मग सतरंज्या उचलून फळीवर ठेवून ती घरी गेली. गुरुजी व्हरांड्यात बराच वेळ तसेच उभे.

घरी जाऊन त्यांनी प्रशिक्षणवाल्या मॅडमना फोन लावला. नाव-गाव काही न सांगता, एका पोरीचं असं आहे म्हणून सांगितलं. मॅडमनी मध्ये एकदाही तोडलं नाही. शेवटी म्हणाल्या, "सर, तिने तुमच्यापाशी मन मोकळं केलं, ही फार मोठी गोष्ट आहे. तुम्ही तिला बोलायला जागा दिलीत."

"दिली मॅडम. पण तिला गाडीत जागा पाहिजे आहे."

मग मॅडम हळू आवाजात म्हणाल्या, "मला नाही सांगता येत, सर."

गुरुजींना राग आला नाही. उलट बरं वाटलं, कोणी तरी खरं बोललं.

संध्याकाळी हरिपाठाला देवळात बसले, तेव्हा नजर मूर्तीवर खिळली. लहानपणापासून पाहिलेलं ते रूप. सगळं गाव येऊन याला सांगतं. पोराचं, पिकाचं, दुखण्याचं. हा ऐकतो, याच्याइतकं कोणी ऐकत नाही. आणि हात कमरेवर. गुरुजींच्या मनात आलं, देवा, ऐकून ऐकून तुझेही हात असेच झाले का रे? मग स्वतःच्याच विचाराला ते भ्याले, कान धरले, आणि टाळ उचलला. पण त्या दिवशी त्यांच्या हातून ठेका दोनदा सुटला, आणि मृदंगवाल्या लटारूभाऊने वळून पाहिलं.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुटीत गुणाबाईच शाळेत आली. सोबत शकुबाई. गाडी उद्याची ठरली होती, आणि दोघींना घाई होती.

"राम राम गुरुजी," शकुबाई दुरूनच बोलत आली. "तुमचा खिचडीचा वास पार चावडीपावतर येऊन राह्यला. आमच्या घरी असा वास सणालेच येते."

"बसा बाई. गुणाबाई, बसा."

गुणाबाई बसली नाही. खांबाला टेकून उभी राहिली. ताठ बाई, बोलणं मोजकं. उजव्या हाताच्या पाठीवर भाजल्याची तुकतुकीत खूण होती. गुरुजींनी ती आजवर शंभरदा पाहिली असेल.

"पोरगी ऐकून नाई राह्यली," गुणाबाई म्हणाली. "मी बी येतो म्हणते. दोन दिवसांपासून जेवली नाई. तुमी सांगा तिले."

करिश्मा हापशापाशी ताटल्या धूत होती. ती हात न थांबवता ऐकत होती. गुरुजींना ते तिच्या मानेवरून कळत होतं.

"तब्येत कशी आहे तुमची?" गुरुजींनी विचारलं.

"मले का झालं? बरी हाओ."

"हातपाय, डोकं…"

"अवं गुणे," शकुबाई म्हणाली, "गुरुजी तं डाक्टर झाले. मलेबी पाहा गुरुजी, माझा गुडघा लय दुखते."

गुरुजी हसल्यासारखं हसले. शकुबाई उठून जाईल तर बरं, असं त्यांना वाटलं. पण शकुबाई उठून जाणाऱ्यांतली नव्हती. पायरीवर मांडी घालून ती छान बसली होती. मग त्यांनी मन घट्ट केलं.

"गुणाबाई, यंदा तिला नेलं तरी चालेल."

शकुबाईचा हात तोंडावर गेला. "अई! हे गुरुजी बोलून राह्यले?"

"का म्हटलं?" गुणाबाई म्हणाली.

"तिचा जीव तुमच्यात आहे. तिची सोबत होईल. अभ्यासाचं मी पाहतो, आल्यावर शिकवतो. परीक्षेचंही पाहू."

"सोबत कायले पायजे मले? अख्खी गाडी भरून बाया हायेत." गुणाबाईने खांब सोडला. "गुरुजी, मागच्या साली काल्याच्या दिवशी तुमी कीर्तन केलं. मी खांबापाशी बसली होती, अशीच. तुमी म्हणाले, देवानं गोकुळात काला केला तवा एकाची बी शिदोरी बाजूले ठेवली नाई. लंगड्याची घेतली, गरिबाची घेतली. अन् आपण का करतो, म्हणाले? शाळेच्या काल्यातून आपली पोरगी आपणच हात धरून उठवतो. मिरचीनं हाताची आग होते ते पान्यानं जाते, म्हणाले, पण डोक्यातलं अक्षर एकदा गेलं का परत येत नाई. बरोबर हाये का नाई?"

शब्दाला शब्द बरोबर होता. एक तुकडासुद्धा खाली पडला नव्हता. त्या दिवशी मागे उभ्या असलेल्या टाळकऱ्यांनीही इतकं ऐकलं नसेल.

"मी शिकली नाई," गुणाबाई म्हणाली. "पण आयकलं मी. त्या दिवशी घरी जाऊन मी मनाशी बोलली, का झालं तरी हे पोरगी उठणार नाई आता. अन् तुमीच उठवून राह्यले?"

गुरुजींनी तोंड उघडलं. हापशावरचा ताटल्यांचा आवाज बंद झाला होता. करिश्मा ओल्या हातांनी उभी राहून त्यांच्याकडे पाहात होती, आणि तिची मान अगदी थोडी, नाही म्हणून हलत होती. सांगू नका.

एक कारण होतं. ते सांगितलं तर गुणाबाईची गाडी जाईल. शकुबाई समोरच बसली होती. ते नाही सांगितलं तर दुसरं कारण नव्हतं.

"काय सांगू," ते म्हणाले. "पोरगी रडते म्हणून म्हटलं."

"तुमी तिच्या रडण्यानं पघळले," गुणाबाई म्हणाली. "मी माय आहो. मी नाई पघळत."

"हे बरोबर," शकुबाईने निकाल दिला. "मास्तरानं पघळू नाई."

जाताना शकुबाई खिचडी कशी झाली ते पाहायला स्वयंपाकाच्या खोलीकडे वळली, आणि तेवढ्यात गुणाबाई दोन पावलं परत आली. आवाज खाली गेला.

"तिनं सांगितलं न तुमाले?"

"काय?" गुरुजी म्हणाले. आणि विठ्ठलाचं नाव घेणाऱ्या त्यांच्या तोंडाने पुढे म्हटलं, "नाही. कोणी काही सांगितलं नाही."

गुणाबाईने त्यांच्या तोंडाकडे पाहिलं. समजायचं ते समजली. "तिले सांगा, मायनं गोळ्या घेतल्या सोबत. दवाखान्यातून आणल्या, सांगा."

"खरंच आणल्या? गुणाबाई, आत्ता चला, माझ्या गाडीवर सिंदेवाहीला जाऊन येऊ."

"आता जाऊन यायले वेळ कुठी हाये? बांधाबांध करायची हाये, धान भरडायचं हाये, काकूले पोरीचं सगळं सांगायचं हाये. अन् तुमच्या गाडीवर बसून दवाखान्यात गेली तं ही शकी मले गाडीत बसू देईन का?" तिने स्वयंपाकाच्या खोलीकडे पाहिलं. "तुमी फकत सांगा तिले. तुमी सांगितलं का ती मानते."

करिश्मा शाळा सुटल्यावर स्वतःहून थांबली. सतरंजीचं टोक धरून उभी राहिली. गुरुजींना खोटं बोलवेना, आणि खरंही बोलता येईना. मग त्यांनी तेच केलं जे त्यांना येत होतं. जसं पडलं तसं उचलून दिलं.

"आई म्हणाली, तिने गोळ्या घेतल्यात सोबत."

करिश्माने सतरंजी ताणून धरली.

"माय म्हणाली," ती म्हणाली. "तुमी नाई म्हणत."

"आई म्हणाली," गुरुजी पुन्हा म्हणाले.

"हूं," करिश्मा म्हणाली. तिने टोकाला टोक जुळवलं, घडी त्यांच्या हातात दिली आणि निघाली. आज ती त्यांच्यावर रागावली असती तर बरं झालं असतं. ती रागावली नव्हती.

गाडी दुसऱ्या दिवशी दुपारनंतर निघणार होती. सकाळी गुरुजींनी करिश्माला सांगितलं, तू घरी थांब, आईला गाडीत बसवून ये. ती म्हणाली, "मायनं म्हटलं, शाळेत जा. मी बसतानी तुले पाहीन तं मी उतरीन, म्हणाली." आणि रोजच्यासारखी येऊन बसली. भाकरीसुद्धा खाऊन आली होती. आईने समोर बसून खाऊ घातली म्हणाली.

कुलदीप सर हजेरी घेऊन खुशीत आले. "गुरुजी, यंदा आपल्या शाळेतून एकबी पोर मिरचीले नाई. केंद्रप्रमुख फोनवर म्हणाले, तुमचं कीर्तन दुसऱ्या गावातबी ठेवा."

"हं," गुरुजी म्हणाले.

शेवटचा तास आला. पोरं व्हरांड्यात बसली. आणि त्या दिवशी नेमका लोकेश उठला. पहिल्या दिवशी गोष्ट विसरलेला लोकेश, त्यानंतर कधीच उभा न राहिलेला.

"मी सांगू?"

"सांग. करिश्मा, देतेस का हुंकारी? की दिनेश देईल?"

"मीच देते," करिश्मा म्हणाली.

लोकेशने डोळे मिटले, पाठ केल्यासारखं भराभर सुरू केलं. "एक होतं अस्वल."

"हूं."

"ते मोहफुलं खाले आलं."

"हूं."

"त्यानं इतके मोहफुलं खाल्ले, का त्याले घरी जाता येईना."

पोरं खिदळली. आणि त्याच वेळी चावडीकडून हॉर्न ऐकू आला. पिकअप सुरू झाल्याची घरघर. बायकांचा गलका, कोणाला तरी पाण्याचा डबा राहिल्याची आठवण झाल्याची ओरड. गावातून मोठ्या रस्त्याला लागायची वाट शाळेवरूनच जाते. मागे धुरळा घेऊन गाडी जवळ आली तशी पोरं उठून व्हरांड्याच्या कडेला धावली. दिनेश ओरडला, "करिश्मे, तुझी माय! ते पाय, मांगं बसली हाये, लाल लुगड्यावाली!"

लोकेशची गोष्ट अस्वलापाशीच थांबली. त्यालाही गाडी पाहायची होती.

करिश्मा उठली नाही. तिने मान वळवली नाही. लोकेशचा हात पकडला आणि त्याला जागेवर ठेवलं.

"सांग न रे. थांबू नको. घरी जाता येईना, मंग?"

"मंग…" लोकेशची नजर गाडीवर. "मंग ते झाडाखालीच झोपलं."

"हूं. मंग?"

गाडीतून कोणीतरी हाक मारली. गुणाबाईच असेल, नसेलही. इतक्या बायकांच्या गलक्यात कळेना. गुरुजी खांबापाशी उभे होते. त्यांना पिकअपच्या मागच्या फळीवर बसलेली गुणाबाई दिसली, मांडीवर गाठोडं. तिने हात वर केला होता. तो हलवत होती, की फळीला धरायला नेला होता, देव जाणे. आणि गुरुजींनी वेड्यासारखं डोळे ताणून पाहिलं ते फक्त तिच्या दुसऱ्या हाताकडे, गाठोड्यावरच्या बोटांकडे. अंगठा फिरत तर नाही ना. इतक्या लांबून काय दिसणार? लाल लुगडं वळणावर गेलं. धुरळा राहिला.

"मंग त्याची माय आली," लोकेश सांगत होता.

"हूं," करिश्मा म्हणाली.

"अन् तिनं त्याले उठवलं, अन् ते दोघंबी घरी गेले. झाली गोष्ट."

पोरांनी टाळ्या वाजवल्या. घंटा झाली. दप्तरं उचलून, लोकेशच्या पाठीवर धपके घालत पोरं पांगली. कुलदीप सरांनी मोटरसायकलला किक मारली. करिश्मा सतरंजीवर बसून राहिली. गुरुजींनी सतरंजीचं टोक उचललं आणि परत खाली ठेवलं.

"गुरुजी, अजून एक गोष्ट सांगा न."

"घरी काकू वाट पाहात असेल."

"मायची गाडी पोचली नाई न अजून." तिचा आवाज अगदी साधा होता. "आता गोष्ट बंद केली, तं हुंकारी तुटन."

गुरुजींना सांगता आलं असतं, की बाळ, तेलंगण लांब आहे. की हे पोरासोरांचं म्हणणं आहे, गोष्टीने कोणी वाट चुकत नाही आणि हुंकारीने कोणाला वाट सापडत नाही. की गाडी रस्ता चुकणार नाही, आणि पोचल्यावर जे व्हायचं ते रस्त्यामुळे होणार नाही. यातलं एकही त्यांनी सांगितलं नाही. ते तिच्यासमोर सतरंजीवर बसले. कीर्तनं ऐकण्यात आयुष्य गेलेला माणूस, शेकड्यांनी दृष्टांत पाठ असलेला, त्याला त्या घटकेला एकही गोष्ट आठवेना. नुसत्या बायका आठवत होत्या, गाठोडं घेऊन दूर जाणाऱ्या. त्यांनी मनातल्या मनात कमरेवर हात ठेवलेल्याला हाक मारली, आणि कुठे जाणार हे ठाऊक नसताना सुरुवात केली.

"एक बाई होती."

"हूं," करिश्मा म्हणाली.

"तिला लांब जायचं होतं."

"हूं."